अ‍ॅशिंग्टनची ट्रेन आणि आपलं घुग्घुस

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या घुग्घुसच्या शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद चाललाय. एक जण म्हणतो कोळसा खाणी बंद करा, धुळीने लेकरं खोकतात, दुसरा म्हणतो बंद केल्या तर घुग्घुसने खायचं काय. दोघांचंही खरं आहे. माझे बाबा कॉलरीतच होते, त्यामुळे मी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला राहत असले तरी हा वाद मला परका नाही.

इथून जवळच अ‍ॅशिंग्टन आहे, एकेकाळी जगातलं सगळ्यात मोठं खाणगाव म्हणायचे त्याला. खाणकामगारांच्या विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा, त्यांची नावं फर्स्ट रो, सेकंड रो अशी, अगदी आपल्या क्वार्टरसारखी. 1966 चा फुटबॉल वर्ल्डकप जिंकणारे बॉबी आणि जॅक चार्लटन याच गावचे. 1934 मध्ये इथल्या खाणकामगारांनी कलेचा क्लास सुरू केला, त्यांची चित्रं वुडहॉर्नच्या म्युझियममध्ये आहेत, मी बघून आले, पाळी संपवून हातात ब्रश धरायचा म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. वुडहॉर्नची खाण 1981 ला बंद झाली, मग खाणी बंद करण्याविरुद्ध खाणकामगारांचा 1984-85 चा मोठा संप, आणि 1988 ला अ‍ॅशिंग्टनची पण गेली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते रेल्वेचं. 1964 मध्ये इथली पॅसेंजर गाडी बंद केली, रूळ मात्र तसेच ठेवले कारण कोळसा न्यायचा होता, आणि खाण गेल्यावर न्यूकॅसलला कामाला जायला पोट्ट्यांना जी गाडी हवी होती ती आली 15 डिसेंबर 2024 ला! खाण बंद झाली तेव्हा जो 18 वर्षांचा होता तो आता पन्नाशी पार करून गेला.

माझा कल खाणी बंद करण्याकडेच आहे, पण बंद करायची तारीख ठरवायच्या आधी गाडी, कॉलेज, दुसरं काम हे उभं राहिलं पाहिजे, आणि त्यात वेकोलिचे (वेस्टर्न कोलफील्ड्स, आपल्याकडची सरकारी कोळसा कंपनी) परमनंट लोकच नाही तर ठेकेदाराकडचे ड्रायव्हर, टपरीवाले, खोल्या भाड्याने देणारे पण मोजले पाहिजेत. जमिनीचं पण बघा, 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर खचून आत गेलं, ते कुणी विसरू नका.

परवा त्या गाडीत शेजारी एक आजोबा होते. त्यांचा मुलगा खाण गेल्यावर कामासाठी दक्षिणेत गेला तो तिकडचाच झाला. लेकीचा मुलगा मात्र आता रोज घरून न्यूकॅसलला कॉलेजला जातो.