नौपाड्याच्या दुकानातून: ‘कडू, जड आणि स्वस्तातली’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय शांतपणे वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो. जुलैत तुम्ही आमच्याकडून निकाराग्वाच्या पाच फुल-बॉडी, म्हणजे दाट, भरीव धुराच्या सिगारींचं पाकीट नेलंत. दोन आठवड्यांनी घोडबंदर रोडला मित्राच्या गच्चीवर तुम्ही दोघांनी एकेक ओढली. दोन्ही कडू लागल्या. एक आतून पोकळ होत जळली. तुमचं डोकं गरगरलं, मित्राला उलटी झाली. कॉफी, डार्क चॉकलेट, मिरी अशा ज्या चवी आम्ही सांगितल्या, त्यांतली एकही लागली नाही. क्यूबाची नसलेली, पानावर शिरा दिसणारी स्वस्त सिगार आम्ही ‘चांगली’ म्हणून गळ्यात मारली, असं तुमचं म्हणणं आहे. वर ओळखपत्र मागितलं आणि दुकानात ओढून बघू दिली नाही, हा राग वेगळाच.

सिगारचं नाव मी इथे लिहीत नाही. तंबाखूच्या जाहिरातीला कायद्याने बंदी आहे आणि ती मला मान्य आहे. बाकी सगळं मोकळेपणाने लिहितो.

मित्राला त्रास झाला याचं वाईट वाटलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुम्ही लिहिलंय की धूर ‘छातीत भरून घेतला तरी मजा आली नाही’ आणि जेवण नंतर मागवलं. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो. सिगारेटच्या धुरापेक्षा तो जास्त अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. शिवाय काही मोठ्या सिगारींमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असतो. उपाशी पोटी असा धूर फुप्फुसात ओढला की घाम फुटतो, मळमळतं, डोकं हलकं होतं. अशा वेळी सिगार बाजूला ठेवून बसून राहायचं, पाणी प्यायचं, गुळाचा खडा किंवा साखर तोंडात टाकायची. आणि पुन्हा ओढायची झालीच, तर पोटभर जेवणानंतर.

आता कडूपणाकडे येतो. तुमचं सगळं गाऱ्हाणं खरं तर त्याभोवतीच आहे. ती सिगार ६ इंच लांब आणि ५२ रिंगची. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी पाऊण इंचाहून थोडी जास्त. एवढ्या सिगारला निवांत ओढलं तर तास-सव्वा तास लागतो. तुम्हीच लिहिलंय की ‘पंचवीस मिनिटांत संपवून टाकली’. याचा अर्थ तिला थंड व्हायला उसंतच मिळाली नाही. घाईने ओढलं की टोकाचा निखारा तापतो, पान जळण्याऐवजी करपतं आणि डांबरासारखा कडवट रस मागच्या टोकाकडे साचत येतो. सर्वांत भारी सिगारही अशी ओढली तर कडूच लागेल. साधारण मिनिटाला एक झुरका पुरे. बोटांना सिगार गरम लागायला लागली की खाली ठेवा. विझली तर विझू द्या. तासाभराच्या आत राख झटकून पुन्हा पेटवली तर फारसं बिघडत नाही. मधेच कडवट वाटली तर उलटी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढा आणि मिनिटभर थांबा, चव बरीचशी परत येते.

फुल-बॉडी सिगारमध्ये हा संयम आणखी लागतो, आणि त्याचं कारण झाडातच आहे. तंबाखूच्या झाडाची खालची पानं पातळ असतात, ती पटकन पेटतात. त्यांना व्होलाडो म्हणतात. मधली सेको, त्यांचा सुगंध चांगला. शेंड्याकडची लिगेरो. त्यांना ऊन सर्वांत जास्त मिळतं, त्यामुळे ती जाड, तेलकट आणि जोरकस होतात आणि फार सावकाश जळतात. म्हणून वळणारा कारागीर लिगेरो नेहमी मधोमध ठेवतो. तुमच्या सिगारमध्ये लिगेरोचं प्रमाण चांगलंच आहे, तिची सगळी ताकद तिथूनच येते. लायटरची ज्योत नुसती मधे लावून जोरात ओढलं तर कडा आणि गाभा एका वेळी पेटत नाहीत, आणि मग शेवटपर्यंत जळणं बिनसतं. आधी टोक ज्योतीच्या थोडं वर धरून गोल फिरवत शेकायचं, कडा सगळीकडून सारख्या लालसर झाल्या की मगच पहिला झुरका. लायटर गॅसचा हवा. पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो.

तरीही ‘पोकळ होत जळली’ यामागे मुख्य कारण मला पावसाळा वाटतो. पाकीट उघडून तुम्ही ते दोन आठवडे फ्रिजच्या वर ठेवलं होतंत. दुकानातल्या पेटीत आम्ही आर्द्रता ६५ ते ६८ टक्क्यांत राखतो. जुलैत ठाण्याच्या घरात ती ८०च्या वर सहज जाते. सिगार स्पंजासारखी ओल शोषते. जाड लिगेरो फुगते, धूर नीट ओढला जात नाही, मग माणूस आणखी जोर लावतो आणि आग सोप्या वाटेने आत शिरते. फ्रिजच्या माथ्यावरची ऊबही वाईट, कारण तंबाखूतल्या किड्याची अंडी असलीच तर ती पंचवीस अंशांच्या पुढच्या उष्णतेत उबतात. पानावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर किडा लागलाय असं समजा.

स्वस्त असल्याबद्दल मात्र मी ठामपणे बोलणार आहे, कारण स्वस्त म्हणजे वाईट हा समज मला खरोखर खटकतो. ती सिगार आतून पूर्ण लांब पानांची आहे, तुकडे भरलेली नाही. उरलेल्यांतली एक मधे उभी चिरून बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत पानं दिसतील. पैसे वाचले ते दुसरीकडे. वरच्या वेष्टनाच्या पानांची रंग आणि शिरांप्रमाणे निवड होते. एकसारखी, गुळगुळीत पानं महागड्या लाकडी पेट्यांत जातात. शिरा उठलेली, रंगात थोडा फरक असलेली पानं कमी भावाच्या सिगारींवर चढतात. शीर ठळक असली म्हणून पान नासकं होत नाही. लाकडी पेटी नाही, मोठं नाव नाही, आणि वळल्यानंतर वर्षानुवर्षं मुरवत ठेवलेली नाही. याचा परिणाम चवीवर होतोच, तो मी लपवत नाही. महाग सिगार तीन टप्प्यांत तीन वेगळ्या गोष्टी सांगते. ही पहिल्या एक-तृतीयांश भागात जे देते तेच पुढे थोडं गडद करत नेते आणि शेवटच्या दीड इंचात रांगडी होते. मी स्वतः ती तिथेच सोडतो. पण त्याआधीचा भाग त्या किमतीत फार चांगला आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि म्हणूनच ती काउंटरवर आहे.

क्यूबाचं म्हणाल तर १९५९ च्या क्रांतीनंतर तिथले अनेक तंबाखूवाले देश सोडून गेले. सोबत बियाणं आणि हातातलं कसब गेलं. त्यातले काही निकाराग्वातल्या एस्तेलीला स्थिरावले. तिथली ज्वालामुखीची काळी माती पानाला जोर देते. उत्तरेकडच्या हालापा खोऱ्यातलं पान त्या मानाने मऊ आणि गोडसर. दोन्ही एकत्र केली की जड पण न टोचणारा धूर मिळतो. क्यूबाच्या कितीतरी सिगारी मध्यम ताकदीच्या असतात. तुम्हाला जड हवी होती, म्हणून निकाराग्वा दिली.

आणि जड म्हणजे नुसती कडक नाही. मामलेदारच्या मिसळीत तर्रीचा तिखटपणा वेगळा आणि रश्शाचा दाटपणा वेगळा, तसंच इथे आहे. निकोटिनचा जोर हा तिखटपणा, तर धूर तोंडात किती भरीव लागतो हा दाटपणा. फुल-बॉडी शब्दात महत्त्व दाटपणाला. तो कळायला धूर तोंडात दोन-तीन सेकंद धरायचा, जिभेवरून फिरवायचा आणि सोडायचा. अगदी थोडा धूर नाकावाटे सोडला तर मिरीची चुरचुर लगेच लागते, कारण चवीतला मोठा वाटा नाकाचा असतो. कॉफी आणि चॉकलेटच्या छटा कुठल्याही अर्काने घातलेल्या नाहीत. वाळवलेली पानं मोठ्या ढिगांत रचून ठेवतात, ढीग आतून तापतो, पानं उलटीपालटी करत पुन्हा रचतात. त्या आंबवण्यात अमोनियाचा उग्रपणा निघून जातो आणि गडद गोडवा तयार होतो. सोबत बिनदुधाचा चहा किंवा काळी कॉफी घेतली तर या छटा स्पष्ट होतात. तुम्ही सोबत थंडगार गोड कोला घेतलात असं लिहिलंय. त्यानंतर जिभेला असं काही कळणं अवघड आहे.

माझे वडील याच दुकानात त्रिचीचे चिरूट ठेवायचे. दिंडिगुलकडच्या तंबाखूचे, दोन्ही टोकं उघडी असलेले, किमतीने साधे, पण भलतेच जोरकस. ते घेणारी माणसं ठरवून संध्याकाळी एकच घ्यायची आणि घाई करायची नाहीत. स्वस्त वस्तूला वेळ देण्याची ती पद्धत मी त्यांच्याकडून शिकलो आणि ती मला आजही बरोबर वाटते.

ओळखपत्राबद्दल: अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. चेहरा तरुण दिसला की आम्ही विचारतो आणि पुढेही विचारू. दुकानात ओढू दिली नाही, कारण २ ऑक्टोबर २००८ पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला मनाई आहे. वेगळ्या धूम्रपान कक्षाची मुभा मोठी हॉटेलं, मोठी रेस्टॉरंट आणि विमानतळांना आहे. आमच्यासारख्या दुकानाला ती नाही. हेही सांगतो, छातीत न घेतलेला धूरही निर्धोक नसतो. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारनेही होतो. पाकिटावरचं चित्र खरं आहे. ज्याने कधी तंबाखूला हात लावला नाही, त्याला मी काउंटरवरूनच सुरू करू नका म्हणतो. तुमचा मित्र पहिल्यांदाच ओढत होता असं अभिप्रायात आहे. त्याला फुल-बॉडी देऊ नका, आणि खरं तर कुठलीच देऊ नका.

पाकिटातल्या उरलेल्या तीन सिगारींचं काय? उघडलेल्या पाकिटाचे पैसे परत देता येणार नाहीत. पण त्या तिन्ही घेऊन या, मी आमच्या पेटीत तीन-चार आठवडे ठेवतो, शोषलेली ओल हळूहळू निघून जाईल. त्याचे पैसे घेणार नाही. भोकं पडलेली एखादी निघाली तर ती वेगळी काढून दाखवेन. परत नेताना टोपी, म्हणजे ओठांकडच्या बंद टोकावरचं पान, कुठपर्यंत कापायची तेही दाखवतो, कारण तुमच्या फोटोत काप खांद्याच्या, म्हणजे टोकाची गोलाई संपते त्या जागेच्या, बराच खाली गेलेला दिसतोय आणि त्यामुळेच पान सुटत आलंय. सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी दुपारी चारनंतर या, तेव्हा गर्दी कमी असते आणि नीट बोलता येतं.