सतरा वर्षांच्या मुलांना ग्रामसभेत जागा द्या

दिवाळीला नरकासुराचा पुतळा करणारी आपल्या वाड्यावरची पोरं एकदा नीट बघा. दिवाळीच्या कितीतरी दिवस आधी वर्गणी सुरू होते. सांगाडा कुणी बांधायचा, गवत कुठून आणायचं, मुखवटा कोण करणार, लाइट आणि टेम्पोचे किती द्यायचे, रात्री जागायला कोण थांबणार, सगळं ठरतं आणि वहीत हिशेब लिहिला जातो. सार्वजनिक चवथ म्हणजे गणेशोत्सव, शिगम्याचं रोंबाट म्हणजे मिरवणूक, जत्रेतली गर्दी सांभाळणं, क्रिकेटच्या स्पर्धा हेही बहुतेक याच वयाची मुलं उभं करतात. भांडतात, समेट करतात, आणि ठरल्या दिवशी काम तयार असतं. याच मुलांना पंचायतीचं काही कळत नाही, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उच्च माध्यमिकच्या मुलांना शिकवते. गावच्या कारभारात त्यांना जागा हवी, आणि ती सफाई मोहिमेत झाडू धरण्यापुरती नको, असं माझं ठाम मत आहे. निर्णय होण्याआधी त्यांना विचारलं पाहिजे, आणि त्यांनी जे सांगितलं त्याचं पुढे काय झालं हे त्यांना कळलं पाहिजे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि त्यांचा कारभार १९९४ च्या पंचायत राज कायद्यावर चालतो. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या एखाद्या रविवारी साधारण ग्रामसभा होते. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरला खास ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. म्हणजे अठरा पूर्ण झालेला प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी. निवडणुकीला उभं राहायला एकवीस वर्षं लागतात, पण ग्रामसभेत बोलायला लागत नाहीत. देशात मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं. हक्क इतका जुना आहे, तरी आमच्याकडच्या ग्रामसभेत मला दिसतात ते बहुतेक पन्नाशीच्या पुढचे पुरुष.

तरुणांना रस नाही, असं सरळ सांगून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. ग्रामसभा रविवारी सकाळी असते. माझे जुने विद्यार्थी रविवारी सकाळी कुठे असतात? कुणी कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलात, कुणी मोपाच्या विमानतळावर, कुणी पणजीत कॅसिनोच्या रात्रपाळीवरून येऊन झोपलेला. पर्यटनावर चालणाऱ्या या राज्यात आठवड्यातला सगळ्यात कामाचा दिवस रविवार, आणि गावाचा निर्णयही त्याच दिवशी. वेर्णे-कुंडईच्या कारखान्यांत जाणाऱ्यांना रविवारी सुट्टी मिळते, पण सहा दिवस पहाटे कंपनीची बस धरणारी मुलगी सातव्या दिवशी खुर्चीवर बसून दोन तास भांडणं ऐकेल ही अपेक्षा जड आहे. एप्रिलची सभा तर प्रवेश परीक्षांच्या हंगामात येते. नोटीस लागते पंचायतीच्या फलकावर, जिथे दाखला काढायचा नसेल तर कुणी तरुण फिरकत नाही. यातलं काही मुद्दाम केलेलं नाही, तरीही मुलं बाहेर राहतात ती राहतातच.

आणि आलीच, तर काय होतं? मागे एका ग्रामसभेत बारावीतली एक मुलगी सकाळच्या बसबद्दल बोलायला उठली. बस कधी आली, कधी आलीच नाही, हे तिने महिनाभर कागदावर टिपून ठेवलं होतं. कदंबला, म्हणजे सरकारी बस महामंडळाला, पंचायतीने ठराव पाठवावा, इतकीच तिची मागणी. मागून एक वडीलधारे म्हणाले, "तूं बस गो, तुजो बापूय उलयतलो," म्हणजे तू बस, तुझे वडील बोलतील. ती बसली. वडील काही बोलले नाहीत. ते स्कूटरने जातात, बसची वेळ त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. सभेच्या इतिवृत्तात तो विषय आला नाही. त्या सभागृहात बसबद्दल सगळ्यात जास्त माहिती जिला होती, तिचा कागद कुणी हातातही घेतला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आणि हे गोव्यात व्हावं! १९७८-७९ मध्ये इथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि बसच्या तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळवली. आज ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसणाऱ्यांपैकी कित्येकजण त्या अर्ध्या तिकिटावर कॉलेजला गेले आहेत.

तरुणांना समज नाही म्हणणाऱ्यांनी मोलेचं जंगल वाचवण्यासाठी झालेलं आंदोलनही आठवावं. रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांचे अहवाल २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी, तरुण अभ्यासकांनी, वकिलांनी आणि चित्रकारांनी वाचले, त्यातल्या त्रुटी काढल्या, साध्या भाषेत लोकांपुढे ठेवल्या. नोव्हेंबरमध्ये दक्षिण गोव्यातल्या चांदर गावात रात्रभर लोक रुळांवर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. आणि आमच्या सत्तरीत शेळ-मेळावली! आयआयटीसाठी दहा लाख चौरस मीटर जमीन ठरली, तेव्हा महिलांबरोबर गावची तरुण पोरं उभी राहिली. जानेवारी २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवत असल्याचं जाहीर केलं, पण तोवर लाठ्या चालल्या होत्या, गुन्हे नोंद झाले होते. आयआयटी हवी की नको यावर गावागावांत मतं वेगळी असतील. मला टोचते ती गोष्ट निराळी आहे. जमीन ठरवताना या मुलांना कुणी विचारलं नाही. त्यांचं ऐकून घ्यायला त्यांना रस्त्यावर यावं लागलं.

जमिनीचे निर्णय तर त्यांच्याच वाट्याला येणार आहेत. आज ज्या भागाचा झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलेल, तिथल्या विहिरीचं पाणी वीस वर्षांनी कसं असेल ते त्यांना भोगायचं आहे. म्हादई अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा, असा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला, तेव्हापासून सत्तरीत घराघरांत त्यावर बोललं जातं. काजूच्या बागायतीचं काय, घराचं काय, हे प्रश्न माझे विद्यार्थी वर्गात मला विचारतात. गावात ते कुणाला विचारणार?

चोर्ला घाट चढून पलीकडे गेलं की कर्नाटक. तिथे २००६ पासून ग्रामपंचायतींनी मुलांच्या वेगळ्या ग्रामसभा घ्याव्यात असा सरकारी आदेश आहे. केरळात कुटुंबश्री या महिलांच्या सरकारी योजनेच्या बालसभा आहेत. सगळीकडे त्या उत्तम चालतात असा माझा दावा नाही, पण त्यांनी दार तरी केलं आहे. आपलं राज्य लहान, गावं लहान, सरपंच रोज रस्त्यात भेटणारा. आपल्याला हे सोपं जायला हवं.

माझी मागणी अशी. प्रत्येक साधारण ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसातनंतर, पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांची बैठक पंचायतीने घ्यावी. सचिवांनी हजर राहून इतिवृत्त लिहावं. ग्रामसभेत तेच आधी वाचलं जावं, आणि मागच्या बैठकीतल्या प्रत्येक मुद्द्याचं काय झालं ते सरपंचांनी सांगावं. नाही झालं, तर का नाही झालं तेही सांगावं. "तुमचं बरोबर आहे, पण निधी या कामासाठी वापरता येत नाही," एवढं स्पष्ट उत्तर मिळालं तरी मूल पुढच्या वेळी येतं. उत्तरच नाही मिळालं, तर ते कायमचं उठून जातं. शिकवण्याच्या अनुभवावरून हे मी खात्रीने सांगते.

पंचायतीच्या कामांवर लक्ष ठेवायला ग्रामसभेने देखरेख समित्या नेमाव्यात, अशी तरतूद आपल्याच कायद्यात आहे. त्यांत पंचवीसच्या आतले दोघे घ्या, त्यातली एक मुलगी. रस्त्याचं डांबर किती जाडीचं पडलं हे ती मोजून फोटोसह सांगेल. जैवविविधता व्यवस्थापन समितीतही तरुणांना घ्या. गावच्या जैवविविधतेची नोंदवही करताना झरी कुठे आटली, कुठली रानभाजी आता मिळत नाही, हे आजीला विचारून लिहून काढणारी मुलं प्रत्येक वाड्यावर आहेत. अठराच्या आतल्यांना मत देता येणार नाही, ते मला मान्य आहे. बोलायला कायद्याची आडकाठी नसावी.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. यातून पोरं पक्षांच्या हाती लागतील, अशी भीती पालकांना वाटते. पण निवडणूक आली की बॅनर बांधायला, मोटारसायकलच्या रॅलीला कुणाला नेतात? तीच पोरं, आणि तिथे त्यांना प्रश्न विचारायची सोय नसते. ग्रामसभेत ती सगळ्यांसमोर, सगळ्या पक्षांच्या पंचांसमोर बोलतील.

मागच्या पंचायत निवडणुका ऑगस्ट २०२२ मध्ये झाल्या, म्हणजे २०२७ मध्ये पुन्हा उमेदवार दारात येतील. तोवर थांबायची माझी तयारी नाही. वर लिहिलेल्या बैठकीचा ठराव आमच्या पुढच्या ग्रामसभेत घ्यावा, असं पत्र मी सचिवांना दिलं आहे आणि पोच घेतली आहे. ज्यांना आपल्या पंचायतीत तो मांडायचा आहे, त्यांना मसुदा पाठवते. येताना घरातल्या मुलांना सोबत आणा आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.