१.२ व्होल्टचा बागुलबुवा

कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा पुन्हा बाहेर काढायची टूम सध्या पोरांमध्ये आहे. त्यापाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर सल्लाही फिरतोय: 'जुन्या कॅमेऱ्यात चार्जिंगचे सेल टाकू नका. ते १.२ व्होल्टचेच असतात, कॅमेरा नीट चालत नाही. साधे अल्कलाइन वापरा. घ्यायचेच तर सगळ्यात जास्त एमएएचचे (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) घ्या आणि पूर्ण उतरवूनच चार्जला लावा.' परभणीत आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. एकदा तर भाच्यानंच टाकला.

आधी व्होल्टचं बघू. अल्कलाइन पेन्सिल सेलवर १.५ छापलेलं असतं, पण ते कोऱ्या, निवांत पडलेल्या सेलचं. कॅमेरा लेन्स बाहेर काढतो, फ्लॅश भरतो, तेव्हा एकदम मोठा करंट ओढतो. अल्कलाइनचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे त्या झटक्यात त्याचा व्होल्टेज धाडकन खाली येतो आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले. चार्जिंगचा, म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचा सेल १.२ वर असतो, पण झटका बसला तरी जवळपास तिथंच टिकतो, अगदी शेवटापर्यंत. भाच्याच्या कॅननच्या पॉवरशॉट कॅमेऱ्यात हळदीच्या दिवशी कोरे अल्कलाइन होते. कार्यक्रम अर्ध्यात असताना कॅमेऱ्यानं सेल बदला म्हणून सांगितलं आणि लेन्स बाहेर काढून तसाच बंद पडला. तेच 'संपलेले' सेल मी भिंतीवरच्या घड्याळात घातले. घड्याळ अजून चालू आहे!

आणि १.२ वर कॅमेरा चालत नसता, तर कॅनननं पॉवरशॉटच्या ए मालिकेसाठी स्वतःचे निकेल सेल चार्जरसकट विकले असते का? सल्ल्यात तथ्य आहे ते एवढंच, की काही कॅमेऱ्यांची बॅटरीची खूण १.२ बघून लवकर घाबरते. निकॉनच्या बऱ्याच कूलपिक्स एल मॉडेलांत मेन्यूमध्ये बॅटरीचा प्रकार निवडता येतो, तो बदलायचा.

एमएएचची गंमत तर सोनाराच्या काट्यावरच बघितली. बाजारातून आणलेला '४६००'चा सेल १७ ग्रॅम भरला, २००० चा एनेलूप (सान्योनं काढलेला चार्जिंगचा सेल) २७. आत मालच कमी, तर ४६०० येणार कुठून? पेन्सिल सेलच्या आकारात निकेलचा खरा आकडा २७००–२८०० च्या पुढं फारसा जात नाही. त्याहून मोठा आकडा दिसला की सेल खाली ठेवा. अस्सल २५०० वालेही घ्यायची घाई नको, कारण सहसा २००० वालेच जास्त वेळा चार्ज होतात.

पूर्ण उतरवून चार्ज करा, हा चार्जिंगच्या जुन्या निकेल कॅडमियम सेलच्या काळातला नियम. दोन सेलच्या जोडीत एक आधी रिकामा होतो, आणि तरीही ओढत राहिलं तर तो उलटा भरतो नि खराब होतो. कॅमेरा बंद पडला की बस्स, टॉर्चमध्ये घालून उरलंसुरलं काढू नका.

सल्ल्यात नाही ते जास्त कामाचं. जुन्या पद्धतीचे निकेल सेल नुसते पडून उतरतात, महिनाभरात पाव हिस्साही जातो, आणि उन्हाळ्यात आणखी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर, त्यात पत्र्याची खोली. म्हणून चार्ज टिकवणारे घ्या. सान्योनं २००५ मध्ये एनेलूप आणला तो याचसाठी. दुसरं, अगदी याच आकाराचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. तो ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. असे दोन सेल कॅमेऱ्यात गेले तर आतलं सर्किट जळू शकतं. घाबरायचंच तर या आकड्याला घाबरा.

भाच्यानं शेवटी चार घेतले. चार्जर मात्र तोच जुना, आपोआप बंद न होणारा, आणि रात्रभर लावून ठेवायची सवयही तीच. सकाळी सेल हातात धरवत नाहीत. परवा म्हणतो, "मामा, गरम झाले म्हणजे फुल झाले ना?"