‘एका तासात सगळे मोडल’ वाला तक्ता फिरायलाय, त्यातला एकेक दावा तपासू

आपल्याकडं लातूर, नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत ज्या त्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर एक फोटो फिरायलाय. पिवळा तक्ता, वर लिहिलंय ‘एका तासात सगळे मोडल, पाठ करा आणि फाडफाड इंग्लिश बोला’. मोडल म्हणजे कॅन, मे, मस्ट असली इंग्रजीतली सहाय्यक क्रियापदं. कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो, मे म्हणजे शकेल, मस्ट म्हणजे पाहिजेच, आणि खाली काही नियम. एमपीएससीच्या कंबाईन परीक्षेची, बँकेची तयारी करणारी लेकरं तो वहीत उतरवून घ्यायलेत, म्हणून हे लिहायला बसलोय. त्या तक्त्यावर विसंबू नका, का ते सांगतो.

पहिला दावा, एका मोडलला एकच मराठी अर्थ.

मे घ्या. ‘मे आय कम इन सर’ मधी परवानगी मागितलीय, ‘इट मे रेन’ मधी अंदाज आहे, दोन्हीकडं ‘शकेल’ चिकटवून बघा, पहिल्या वाक्याचं काय होतं ते. आणि तिसरा मे तर आपल्या मराठवाड्याच्या थेट कामाचा आहे. संविधानाच्या कलम 371 च्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळ्या विकास मंडळांची तरतूद आहे ना, तिथं इंग्रजीत ‘द प्रेसिडेंट मे बाय ऑर्डर’ असे शब्द आहेत. म्हणजे राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर ती खास जबाबदारी टाकू शकतात, त्यांना तसा अधिकार दिलाय. त्या जागी शॅल असता तर वाचणाऱ्यानं साधारणपणे ते बंधनच धरलं असतं. 1994 ला मंडळं आली, 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली, मुदतवाढीवरून आपल्याकडं किती बोललं गेलं ते सगळ्यांना माहितीय, पण त्या कलमातला मे नेमकं काय सांगतो हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांनाही कुणी नीट समजावून देत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. बारावीच्या पेपरातसुद्धा अबिलिटी म्हणजे क्षमता दाखवणारं, ऑब्लिगेशन म्हणजे बंधन दाखवणारं मोडल वापरून वाक्य परत लिहा असंच विचारतात, म्हणजे बोर्डही वाक्यातला हेतू विचारतं, मग तक्ता पाठ करून हाती काय लागणार.

दुसरा, कुड, वुड, शुड, माइट म्हणजे कॅन, विल, शॅल, मे चे भूतकाळ.

सगळ्यात जास्त नुकसान हा नियम करतो. ‘इट माइट रेन टुमारो’ यात उद्याचं बोलणं आहे. ‘यू शुड सी अ डॉक्टर’ म्हणजे आत्ता जा. ‘कुड यू ओपन द विंडो’ म्हणणारा माणूस तुमच्यासमोर उभा राहून नम्रपणे विनंती करायलाय, काल काय घडलं ते विचारत नाहीये. भूतकाळाचा वापर आहेच, नाही असं नाही, पण तिथंसुद्धा तक्ता फसवतो. लहानपणी मला पोहता यायचं, इथं ‘आय कुड स्विम’ बरोबर. पण ‘काल मी धावत जाऊन बस पकडू शकलो’ याचं तक्त्याप्रमाणं ‘आय कुड कॅच द बस येस्टरडे’ केलं की चुकलं, एकदाच घडलेल्या आणि साधलेल्या गोष्टीला ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागतं. नकारात मात्र ‘कुडन्ट’ चालतं. वुडचंही तसंच, आजोबा रोज पहाटे रानात जायचे याला ‘वुड गो’ छान बसतं, पण पूर्वी आमचं घर वेशीपाशी होतं याला वुड चालत नाही, तिथं ‘यूज्ड टू बी’, कारण जाणं ही सवय आहे आणि घर असणं ही स्थिती.

तिसरा, मस्ट आणि हॅव टू सेम, नकार करायचा तर नॉट लावा.

होकारात बऱ्याच वेळा जवळपास सारखंच निघतं, मान्य. पण नकारात दोघांच्या वाटा एकदम वेगळ्या होतात. ‘यू मस्ट नॉट ईट बिफोर द टेस्ट’ म्हणजे तपासणीआधी खायचंच नाही. ‘यू डोन्ट हॅव टू फास्ट बिफोर द टेस्ट’ म्हणजे उपाशी राहायची गरज नाही. दवाखान्याच्या इंग्रजी कागदावर ही वाक्यं येतात आणि घरातलं शिकलेलं लेकरूच म्हाताऱ्या माणसाला वाचून सांगतं, त्यानं दोन्ही एकच धरलं तर काय होईल याचा विचार करा. औषधाच्या, कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर, वाळूजच्या कंपनीतल्या सेफ्टी बोर्डावर मस्ट नॉट दिसलं की ती मनाई आहे, तिथं आपली मर्जी चालत नाही.

चौथा, आय आणि वी ला शॅल, बाकी सगळ्यांना विल. जुन्या इंग्लंडी व्याकरणातला हा नियम, आज रोजच्या बोलण्यात विल सगळ्यांना चालतं. आणि कायद्यात शॅल कुणालाही लागतं, कलम 14 उघडून बघा, ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय’, तिथं ना आय आहे ना वी.

शेवटचा दावा वाचून मला खरंच राग आला. म्हणे मराठीत असलं काही नसतं म्हणून मराठी मीडियमच्या लेकरांना मोडल कधीच जमत नाहीत. अहो, आपण दिवसभर हेच बोलतो! शेजारच्या दादाच्या घराला कुलूप दिसलं की ‘गावाला गेला असेल’ म्हणतो, बॅग आणि गाडी दोन्ही नाही दिसली की ‘गेला असणार’ म्हणतो. पहिलं ‘मे हॅव गॉन’, दुसरं ‘मस्ट हॅव गॉन’. खात्री किती आहे हे आपण क्रियापदाच्या शेवटात सांगतो आणि इंग्रजी ते आधी वेगळा शब्द ठेवून सांगतं, एवढाच फरक. ‘जायला पाहिजे होतं’ हे ज्याला म्हणता येतं त्याला ‘शुड हॅव गॉन’ चा अर्थ शिकवावा लागत नाही, फक्त शुडच्या मागं वेन्ट न लावता हॅव गॉन लावायची सवय पाडावी लागते. जपायची जागा एकच सांगतो, ‘तो घरी असणार’ याच्या उलट ‘तो घरी असूच शकत नाही’, इथं लेकरं हटकून ‘मस्ट नॉट बी’ लिहितात. तिथं ‘ही कान्ट बी ॲट होम’ पाहिजे.