‘इडा’च्या खेळाबद्दल तुम्ही केलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. रविवारच्या ‘इडा’ या पोलिश सिनेमाच्या खेळाला तुम्ही एक स्टार दिलात. पडद्यावर चित्र अर्धंच होतं, माणसांचे चेहरे पार तळाशी गेले होते, म्हणजे प्रोजेक्टर नीट लावलेला नव्हता, असं तुमचं म्हणणं. सबटायटल मध्ये मध्ये वाचता येत नव्हती. आणि अर्ध्यातून उठून तुम्ही खिडकीवर विचारायला गेलात, तर ‘असले सिनेमे सगळ्यांना कळत नाहीत’ असं उत्तर मिळालं.

या शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलते, कारण वाचल्यावर रात्रभर तेच डोक्यात होतं. आमच्या माणसानं ते म्हटलं, मी त्याला विचारून खात्री करून घेतली आहे. मला त्याची लाज वाटते. मनापासून माफी मागते. मठात वाढलेली एक मुलगी शपथ घेण्याआधी आपल्या एकुलत्या एक मावशीला भेटते आणि आपण जन्मानं ज्यू आहोत हे तिला कळतं. 82 मिनिटांच्या या गोष्टीला कसलीही विशेष समज लागत नाही. तुम्हाला चित्राबद्दल शंका आली, कारण तुम्ही नीट बघत होतात.

चित्र मात्र बिघडलेलं नव्हतं. दिग्दर्शक पावेल पावलिकोव्स्की यांनी 2013 चा हा सिनेमा जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीत केला आहे: उंची 1 तर रुंदी 1.37. पन्नासच्या दशकात रुंद पडदे येण्याआधी बहुतेक सिनेमे साधारण याच आकाराचे असत. आमचा पडदा उंचीच्या 2.39 पट रुंद, त्यामुळे उंची पूर्ण धरली तर रुंदीचा सत्तावन्न टक्के भागच भरतो. पडदाभर करायचं म्हटलं, तर वरून-खालून मिळून चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र कापावं लागतं. आणि या सिनेमात कापलं की पहिले जातात ते चेहरेच! कारण ते मुद्दाम खाली ठेवले आहेत. मुलगी चौकटीच्या तळाशी, डोक्यावर नुसती भिंत किंवा आभाळ. मला ती रिकामी जागा तिच्यावर ओझ्यासारखी वाटते. तुम्हाला वेगळं वाटू शकेल, पण ती जागा काढून टाकायचा हक्क माझा नाही.

आमची चूक दुसरीकडे झाली. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पडदे सरकवून घ्यायचे असतात. त्या दिवशी ते उघडेच राहिले. म्हणून कडेला करडा उजेड दिसत राहिला आणि चौकट ठरवून केलेली न वाटता चुकून झालेली वाटली.

सबटायटलबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. बर्फाच्या दृश्यात पांढरी अक्षरं पांढऱ्यात विरघळत होती. प्रतीतच ती छापलेली असल्यानं आम्हाला बदलता आली नसती, पण आधी कळलं असतं तर तसं सांगता आलं असतं. डिजिटल प्रत कुलूपबंद येते आणि तिची किल्ली, म्हणजे ती उघडणारी वेगळी फाइल, ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. आमची किल्ली दुपारी सुरू झाली. आम्ही पहिली दहा मिनिटं तपासली आणि निर्धास्त झालो. यापुढे पूर्ण प्रत बघायला वेळ मिळेल अशा बेतानंच किल्ली मागवू.

खेळाआधी दोन मिनिटं उभं राहून चित्राच्या आकाराबद्दल मीच सांगणार आहे. हे खरं तर पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. दारावर ‘पोलिश सिनेमा’ एवढंच लिहून आम्ही मोकळे झालो होतो.

तिकिटाचे पैसे परत देतो, खिडकीवर तिकीट दाखवा, कुणी काही विचारणार नाही. आणि मनात आलं तर पुढच्या खेळाला या, आमच्याकडून. जवळजवळ सगळा सिनेमाभर कॅमेरा जागचा हलत नाही, पण अगदी शेवटी तो त्या मुलीसोबत चालू लागतो, आणि तुम्ही त्याच्या आधीच उठलात याचं मला खरंच वाईट वाटलं. या वेळी मागची रांग नको. मधल्या रांगेत बसा. चौकोनी चित्र मागून फार लहान दिसतं.