‘एएस’चा अहवाल आणि माझे चुकलेले उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या नात्यातील एका मुलीच्या लग्नाची बोलणी सिकलसेल या तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या अहवालावर अडली. तिचा अहवाल ‘एएस’ होता, म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक नेहमीची (ए) आणि एक सिकलसेलची (एस); मुलाचा ‘एए’, म्हणजे दोन्ही नेहमीच्या. दोघांपैकी एकच वाहक असल्यामुळे त्यांच्या अपत्याला सिकलसेलचा आजार होणार नव्हता. तरीही बैठकीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी “पोरीच्या रक्तातच रोग आहे” असा निकाल देऊन टाकला. मी जीवशास्त्राचा शिक्षक. ‘हे जनुक अप्रभावी आहे, त्याच्या एकाच प्रतीने आजार होत नाही, म्हणून ती निरोगी आहे’ असे मी ठासून सांगितले, तेव्हा डीएमएलटी ही प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका करत असलेल्या, मुलाच्या बहिणीने शांतपणे विचारले, “सर, मग तिची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह कशी आली?” (रक्तात सिकलसेलचे हिमोग्लोबिन असले की ही चाचणी पॉझिटिव्ह येते.)

मला त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन विचार केल्यावर लक्षात आले की गृहस्थ चुकले होते, पण मीही चुकलोच होतो.

अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनच्या जनुकात डीएनएचे एक अक्षर बदलते आणि त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, इथपर्यंत सारे सरळ आहे. त्यापुढे ते जनुक ‘प्रभावी’ की ‘अप्रभावी’, हे आपण कोणते लक्षण पाहतो यावर ठरते. रक्तक्षय आणि हाडे पिळवटून टाकणाऱ्या वेदना पाहिल्या, तर ‘एएस’ व्यक्ती सर्वसाधारणपणे ‘एए’सारखीच जगते, म्हणजे जनुक अप्रभावी. प्राणवायू कमी करून काचपट्टीवर पेशी पाहिल्या, तर तिच्याही पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, म्हणजे तेच जनुक प्रभावी. विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत तिची दोन्ही हिमोग्लोबिने वेगवेगळी दिसतात, म्हणजे सहप्रभावी. जनुक एकच आणि व्यक्तीही एकच, तरी उत्तरे तीन. ‘प्रभावी’ हे विशेषण जनुकाला चिकटवून मी इतकी वर्षे शिकवत आलो. खरे तर ते जनुक आणि लक्षण यांच्यातील नात्याचे वर्णन आहे. (अतिश्रम आणि शरीरातील पाणी घटणे यांबाबत ‘एएस’ व्यक्तीनेही सावध राहावे, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कीच; पण ही सावधगिरी म्हणजे आजार नव्हे.)

पाठ्यपुस्तकात आपण जनुकविधा (अंगी असलेली जनुके) आणि स्वरूपविधा (प्रत्यक्ष दिसणारे लक्षण) असे दोन शब्द पाठ करून घेतो. विल्हेल्म योहान्सन या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ही जोडी 1909 साली मांडली, ती घेवड्याच्या दाण्यांची वजने करता करता. एकाच शुद्ध वाणातही लहानमोठे दाणे निघत, पण त्यातले मोठे दाणे निवडून पेरले तरी पुढच्या पिढीचे सरासरी वजन वाढत नसे. तो फरक आनुवंशिक नव्हताच. आपल्याकडे यासाठी घेवडा नको, संत्रा पुरे. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून कलम केलेल्या एकाच झाडाला ताण केव्हा दिला, म्हणजे पाणी केव्हा तोडले, यावर हिवाळ्याअखेरीस फुलणारा आंबिया बहार धरतो की पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार हे ठरते, आणि जनुके तीच असूनही दोन्ही बहारांची फळे चवीला व सालीला सारखी नसतात, हे काटोलचा कोणताही बागायतदार सांगेल.

‘एसएस’, म्हणजे दोन्ही प्रती सिकलसेलच्या असलेल्या रुग्णांतही हेच दिसते. एकाच आईवडिलांच्या दोन ‘एसएस’ मुलांपैकी एकाला वारंवार रुग्णालयात न्यावे लागते, तर दुसऱ्याला क्वचितच, असे घडू शकते. याचे एक मोठे कारण म्हणजे जन्मानंतरही रक्तात टिकून राहणारे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन. त्याचे प्रमाण ठरवण्यात इतर जनुकांचा वाटा असतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच प्रमाण वाढवते. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या जनुक-संपादन उपचारात तर सिकलसेलच्या जनुकाला हातही लावला जात नाही. रुग्णाच्या मूळपेशींमध्ये ‘बीसीएल११ए’ या वेगळ्याच जनुकाचा नियंत्रक भाग निकामी करतात, त्यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि वेदनांचे झटके थांबतात किंवा फार कमी होतात. सदोष अक्षर आहे तिथेच राहते. ‘रक्तातच रोग आहे’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना मला हे सांगायचे होते.

लग्न ठरले, मुलाच्या बहिणीच्या आग्रहामुळे. माझ्या युक्तिवादाचा त्यात फारसा हात नव्हता. मी मात्र यंदा सराव परीक्षेतील माझा जुना प्रश्न बदलला आहे. ‘दोन्ही पालक एएस असल्यास अपत्यांच्या स्वरूपविधेचे गुणोत्तर लिहा’ असे मी विचारत असे आणि तीन निरोगी, एक रुग्ण एवढेच उत्तर बरोबर धरत असे. पण सोल्युबिलिटी चाचणी हे लक्षण धरले तर तीन पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह, आणि इलेक्ट्रोफोरेसिस धरले तर एक ‘एए’, दोन ‘एएस’, एक ‘एसएस’. मागे एका विद्यार्थ्याने हे शेवटचे उत्तर लिहिले होते आणि मी त्याचे दोन गुण कापले होते.