'ब्लेझ'मधला गव्हर्नर बाईपायी वेडा झाला नव्हता

"लुइझियानाचा गव्हर्नर अर्ल लाँग एका बर्लेस्क (कपडे उतरवत नाचण्याच्या खेळातल्या) नर्तिकेच्या नादी लागला, वेडा झाला, इस्पितळात गेला आणि खुर्ची घालवून बसला. 'ब्लेझ' ही त्याचीच सत्यकथा!" पॉल न्यूमनच्या १९८९च्या चित्रपटाबद्दल हे सर्रास सांगितलं जातं. यातलं प्रेमप्रकरण आणि इस्पितळ तेवढं खरं.

आधी 'सत्यकथा' घ्या. चित्रपटाचा आधार त्या नर्तिकेचं, म्हणजे ब्लेझ स्टारचं, १९७४चं आत्मकथन. लाँग १९६०मध्येच वारले होते. त्यांची बाजू त्यात येणार कुठून? लाँगना इस्पितळात धाडण्यात पुढाकार होता पत्नी ब्लँच आणि पुतण्या सिनेटर रसेल लाँग यांचा. पडद्यावर ब्लँच हे पात्रच नाही. बायकोला वगळलं की कुठलंही लफडं निर्मळ प्रेमकथा वाटतं.

खुर्ची? राज्यघटनेनुसार गव्हर्नरला सलग दुसरी मुदत मिळत नव्हती. लाँग १९६०पर्यंतची आपली मुदत पुरी करूनच उतरले. लेफ्टनंट गव्हर्नरची निवडणूक ते हरले हे खरं, पण ऑगस्ट १९६०मध्ये अमेरिकी संसदेसाठी (काँग्रेससाठी) डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्यांनी जिंकली आणि ५ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं.

'नादी लावणारी' म्हणून ब्लेझला दोष देणं तर सरळ अन्याय आहे. ती बाल्टिमोरच्या 'टू ओ'क्लॉक क्लब'मध्ये स्वतःच्या नावावर गर्दी खेचत होती आणि लाँग गेल्यावरही कितीतरी वर्षं आपल्या कमाईवर जगली.

आता वेडाचं. मे १९५९मध्ये लाँग विधिमंडळात भडकले, शिवीगाळ केली. तब्येत ढासळलेली होती, दारूही होती. ते नाकारायचं कारण नाही. पण वाद बाईचा नव्हता, मतदार यादीचा होता. राज्याचे सिनेटर विली रेनाक आणि त्यांच्या सिटिझन्स कौन्सिल या वर्णविभाजनवादी संघटनेचे लोक अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून कृष्णवर्णीयांची नावं यादीतून उडवत होते. लाँगना ते थांबवायचं होतं. ते काही वर्णविभाजनाचे जाहीर विरोधक नव्हते, गरिबांची मतं त्यांना हवी होती हेही उघड आहे. तरी त्या सभागृहात रेनाकना तोंडावर सुनावणारा गव्हर्नर तोच होता.

त्यानंतर त्यांना आधी टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला आणि मग मँडेव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं. तिथेही ते कायद्याने गव्हर्नरच होते. त्यांनी राज्याच्या रुग्णालय विभागाचा प्रमुखच बदलला आणि जूनमध्ये बाहेर पडले. चित्रपटात मतदानहक्काचा विषय येतो, पण लोक पुढे पाठवतात ती गव्हर्नर आणि नर्तिकेची जोडी. म्हणून हेही सोबत पाठवा: लुइझियानातल्या एकट्या वॉशिंग्टन पॅरिशमध्ये (जिल्ह्यात) उडवलेली १,३७७ कृष्णवर्णीय मतदारांची नावं परत यादीत घालण्याचा आदेश १९६०मध्ये संघीय न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.